‘एन्कॅप्सुलेट’ : आवरण की संक्षेप? एका इंग्रजी क्रियापदाच्या मराठी वापराची चिकित्सा

शोधनिबंधाला इंग्रजी सारांश जोडण्याची पद्धत महाविद्यालयीन नियतकालिकांत रूढ झाल्यापासून काही इंग्रजी क्रियापदे मराठी लेखनाच्या उंबरठ्यावर सतत उभी असलेली दिसतात. ‘एन्कॅप्सुलेट’ हे त्यांपैकी एक होय. औषधनिर्माणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संगणकशास्त्र आणि वाङ्मय या चारही विभागांत हा शब्द वापरला जातो आणि प्रत्येक विभागाला तो आपल्याच घरचा वाटतो. मराठीत लिहिण्याची वेळ आली की मात्र ‘बंदिस्त करणे’, ‘सामावून घेणे’, ‘सारांशरूपाने मांडणे’ यांपैकी जो शब्द हाताशी येईल तो योजला जातो. वरवर पाहता ही केवळ पर्यायी शब्दाची अडचण आहे. वस्तुतः या एका क्रियापदाच्या पोटात परस्परविरोधी म्हणाव्यात अशा दोन क्रिया नांदत आहेत. त्यांची गल्लत झाली असता विज्ञानाच्या लेखनात फारसे बिघडत नाही. वाङ्मयसमीक्षेत मात्र संपूर्ण विधानच चुकीचे ठरू शकते. प्रस्तुत लेखात या गल्लतीचा विचार केला आहे.

लॅटिन भाषेत ‘काप्सा’ म्हणजे पेटी आणि ‘काप्सुला’ म्हणजे लहान पेटी, डबी. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि प्रथम शरीररचनाशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांत स्थिरावला. औषधाची जिलेटिनी कॅप्सूल त्यामानाने अर्वाचीन आहे. मोथ आणि द्यूब्लां यांनी १८३४ मध्ये पॅरिस येथे तिचे एकस्व घेतले. कडू, दुर्गंधी औषध रुग्णाच्या जिभेला कळू नये हा त्यामागील हेतू होता. क्रियापद एकोणिसाव्या शतकातील आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘डबीत बंद करणे’ एवढाच. ‘एखाद्या मोठ्या गोष्टीचे सार थोडक्या शब्दांत पकडणे’ हा लाक्षणिक अर्थ पुढे विसाव्या शतकात रुळला. गोळीएवढ्या जागेत पूर्ण मात्रा मावते, या अनुभवाचा त्या लक्षणेला आधार मिळाला असावा असे दिसते. परंतु कॅप्सूलमध्ये औषध आटलेले नसते, ते केवळ झाकलेले असते. मूळ वस्तूत नसलेला आटवण्याचा गुण लक्षणेने तिला चिकटवला आणि येथून घोटाळ्यास प्रारंभ झाला.

स्वयंपाकघरातील उदाहरणाने हा भेद चटकन ध्यानात येतो. दूध आटवून बासुंदी करणे ही एक क्रिया. तयार बासुंदी डब्यात भरून झाकण लावणे ही दुसरी. पहिलीत काही तरी उडून जाते आणि उरलेले घट्ट होते. दुसरीत काहीच उडून जात नाही, फक्त ते दिसेनासे होते. बाजारात मिळणाऱ्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात दोन्ही क्रिया एकत्र आलेल्या असतात, हे खरे. पण म्हणून त्या एकच ठरत नाहीत.

विज्ञानविभागांत पहिल्यापासून वर्चस्व आहे ते आवरणाच्या अर्थाचे. संगणकशास्त्रात ‘एन्कॅप्सुलेशन’ म्हणजे माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एका घटकात एकत्र बांधणे व त्या घटकाची अंतर्गत रचना बाहेरच्यांपासून दूर ठेवणे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मधील आपल्या निबंधात मांडलेले माहिती झाकून ठेवण्याचे तत्त्व याच विचाराच्या मुळाशी आहे. पुढे जो निर्णय बदलण्याचा संभव आहे तो एकाच घटकाच्या पोटात लपवावा, म्हणजे बदलाची झळ इतरांना लागत नाही, असा त्याचा आशय. येथे संक्षेपाचा मागमूसही नाही. आतील मजकूर दोन ओळींचा असो वा दोन हजार ओळींचा, वापरणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसू नये, हेच त्याचे यश. या अर्थासाठी ‘संक्षेपण’ किंवा ‘सारग्रहण’ असा पर्याय योजणे म्हणजे विद्यार्थ्याची उघड दिशाभूल करणे होय.

सूक्ष्मजीवशास्त्रातील उदाहरण याहून बोलके आहे आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. न्यूमोनियास कारणीभूत होणाऱ्या न्यूमोकॉकस या जीवाणूभोवती बहुशर्करेचे एक आवरण असते. त्यालाच कॅप्सूल म्हणतात. फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या १९२८ मधील प्रसिद्ध प्रयोगात आवरण असलेल्या जीवाणूंनी उंदीर दगावले, तर आवरण नसलेल्यांनी दगावले नाहीत. कारण या आवरणामुळे जीवाणू शरीरातील भक्षक पेशींच्या तावडीतून निसटतो. एवढ्यावरून आवरण म्हणजे लपणे असे म्हणता येईल. तथापि या रोगावरील संयुग्मित लस बनवतात ती याच आवरणातील बहुशर्करा प्रथिनाला जोडून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली आणि डिसेंबर २०२० मध्ये भारतात उपलब्ध झालेली ‘न्यूमोसिल’ ही लस अशा दहा प्रकारच्या आवरणांवर आधारलेली आहे. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या साथींसाठी २०१० पासून वापरात आलेली त्याच संस्थेची ‘मेनआफ्रिव्हॅक’ हीदेखील आवरणाच्याच शर्करेवर उभी आहे. म्हणजे ज्या आवरणाआड जीवाणू लपतो त्याच आवरणावरून तो ओळखला जातो. आवरण झाकते आणि ओळखही पटवते. परंतु आवरणाची ओळख पटली म्हणजे आतील जीवाणू सगळा कळला, असे कोणताही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणणार नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हा संयम उसना घेण्यासारखा आहे.

मराठीतील डब्या

या दोन अर्थांसाठी मराठीजवळ स्वतंत्र शब्द नाहीत काय? आहेत, आणि एकेकाला दीर्घ इतिहास आहे. वनस्पतिशास्त्राने ‘कॅप्सूल’ या फळप्रकारासाठी ‘बोंड’ हा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द स्वीकारला. कापसाचे बोंड, अफूचे बोंड. मराठी विश्वकोशातील वनस्पतिविषयक नोंदींत तो सहजपणे वावरतो. अत्तराची ‘कुपी’ आज कालकुपी आणि अवकाशकुपी अशा नव्या रूपांत वृत्तपत्रांत दिसते. ‘कोश’ हा तर सर्वांत मोकळाढाकळा शब्द. तलवारीचे म्यान, रेशीमकिड्याचे घर, राजाचा खजिना, उपनिषदातील अन्नमयादी पाच आवरणे आणि शेवटी शब्दांचा संग्रह, एवढे सर्व त्याच्या आवाक्यात येते. संस्कृत भाषेचा महाकोश रचण्याचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. कोश या शब्दात संक्षेपाची अपेक्षा नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याचे कारण नाही.

यांपैकी अधिक विचार करण्याजोगा शब्द आहे तो ‘संपुट’. दोन पसरट भांडी एकमेकांवर पालथी जुळवली की मध्ये जी बंद पोकळी होते ते संपुट. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात शरावसंपुट प्रसिद्ध आहे. दोन मातीच्या शरावांमध्ये द्रव्य ठेवून सांधा कापडमातीने लिंपतात आणि ते भट्टीत भाजून भस्म तयार करतात. ज्याला इंग्रजीत ‘एन्कॅप्सुलेट’ म्हणतात ती क्रिया येथे अक्षरशः घडते, आणि आतील द्रव्याचे रूपांतरही होते. सप्तशतीच्या संपुटित पाठात प्रत्येक श्लोकाच्या आधी व नंतर एक ठरावीक मंत्र म्हणतात; मधला श्लोक अक्षरानेही कमी होत नाही. याच संपुटाचे मराठी रूप ‘संपुष्ट’, म्हणजे देव ठेवण्याची डबी. आणि या डबीतूनच ‘संपुष्टात येणे’ हा वाक्प्रचार निघाला, हे आज तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात असते. करार संपुष्टात येतो, वाद संपुष्टात येतो, संस्थान संपुष्टात येते. पण मुळात ते सारे डबीत येते. आवरून, आटोपून, झाकण लावून ठेवले की व्यवहार संपला, असा हा अर्थाचा प्रवास. बंद करणे आणि संपवणे यांतील अंतर मराठीने केव्हाच पार केले, ही गोष्ट ‘एन्कॅप्सुलेट’चा अनुवाद करणाऱ्याने ध्यानी ठेवावी. साहित्यकृतीचा आशय एका वाक्यात संपुष्टात आणला असे कोणी लिहिल्यास ते विनोदी वाटेल. पण पुष्कळदा तेच वस्तुस्थितीचे वर्णन असते.

संक्षेपाच्या बाजूचे शब्द वेगळ्या कुळातील आहेत. ‘सार’, ‘अर्क’, ‘सूत्र’, ‘समास’. व्यास म्हणजे विस्तार आणि समास म्हणजे संक्षेप ही संस्कृतातील जोडी. मराठीत समास हा व्याकरणातील जोडशब्द आहे, कागदावर सोडलेली मोकळी कडा आहे आणि दासबोधातील प्रकरणही आहे. वीस दशके, प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास. सुमारे पावणेआठ हजार ओव्यांच्या ग्रंथाचे घटक ‘संक्षेप’ या नावाने ओळखले जावेत, यातील गंमत समर्थांच्या वाचकांना पूर्वीपासून परिचित असावी.

सूत्राची परंपरा तर या प्रश्नाला थेट उत्तर देणारी आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण आवळले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी त्या परंपरेची स्वतःविषयीची ख्याती आहे. परंतु त्या परंपरेने सूत्राला कधीही एकटे सोडले नाही. सूत्रामागून वार्तिक आले, वार्तिकामागून पतंजलीचे महाभाष्य. सूत्र अल्पाक्षरी असावे तसेच असंदिग्धही असावे, अशी अट घातली गेली, आणि तरीही ते उलगडण्यासाठी भाष्य लागणार हे गृहीत धरले गेले. डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्याचे मराठी भाषांतर केले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते अनेक खंडांत प्रकाशित केले. चार हजार सूत्रे समजून घेण्यासाठी दोन हजार वर्षांनंतरही एवढी सामग्री लागते. संक्षेप हे येथे वाचकावर सोपवलेले काम आहे. काम उरकल्याची ती पावती नव्हे.

क्रियापदाचे वळण

अनुवादाच्या दृष्टीने आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे आणि तो व्याकरणाचा आहे. ‘एन्कॅप्सुलेट’ हे क्रियापद सकर्मक आहे. इंग्रजीत कविता कर्ता होते आणि काळ हे तिचे कर्म होते. मराठीची सहज रचना याच्या उलट आहे: ‘या कवितेत तो काळ सामावला आहे.’ येथे काळ कर्ता आहे, कविता अधिकरण आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. कोणी कोणाला पकडलेले नाही; जागा होती म्हणून मावले. ‘सामावणे’, ‘एकवटणे’, ‘साठणे’, ‘उतरणे’ ही सर्व क्रियापदे याच वळणाची. याउलट ‘ही कविता त्या काळाला बंदिस्त करते’ हे वाक्य शब्दांनी मराठी असले तरी घडणीने मराठी नाही. शिवाय ‘बंदिस्त’ या शब्दाला भिंतीचा वास आहे. बंदिस्त नाट्यगृह, बंदिस्त गटार, बंदिस्त शेळीपालन या प्रयोगांत तो शोभतो. कवीने आपली वेदना बंदिस्त केली असे म्हटले की, ती बाहेर येऊ दिली नाही, असाच अर्थ मराठी कानाला प्रथम जाणवतो, आणि समीक्षकाला नेमके उलटे म्हणायचे असते. ‘शब्दबद्ध’, ‘सूत्रबद्ध’, ‘ग्रंथबद्ध’ या समासांत बांधणे असूनही कोंडणे नाही. तेव्हा सकर्मक रचना हवीच असेल तर तो मार्ग मोकळा आहे. संगणकशास्त्राच्या अर्थासाठी ‘संपुटन’ किंवा ‘आवेष्टन’ असे शब्द योजता येतील. शोधनिबंधाच्या सारांशात मात्र लेखकाने आपण काय केले आहे हे आधी ठरवावे. बहुतेक सारांशांत आटवणेही नसते आणि झाकणेही नसते, नुसते कोंबणे असते.

समीक्षेतील धोका

‘या ओळीत लेखकाची समग्र जीवनदृष्टी एकवटली आहे’ या छापाचे विधान मराठी समीक्षेत व विशेषतः परीक्षेसाठी लिहिल्या जाणाऱ्या लेखनात इतके रुळले आहे की, त्याचा खरेखोटेपणा कोणी तपासत नाही. क्लीन्थ ब्रुक्स यांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात कवितेचा गद्य सारांश हीच कविता समजणे हे पाखंड ठरवले. त्या ग्रंथाच्या नावातही एक सुघड कलश आहे, ही बाब जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. कलशाला आकार असतो, तो बाहेरून पाहता येतो; पण त्याला गिळता येत नाही. कॅप्सूल आणि कलश यांत हा फरक आहे.

एकवटल्याचे विधान कसे फसवे ठरते याचे पुण्यातीलच एक उदाहरण घेता येईल. रँडवरील हल्ल्यानंतर पुण्यात सुरू झालेल्या दडपशाहीवर लोकमान्य टिळकांनी जुलै १८९७ मध्ये ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखाचे शीर्षक ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे होते. मराठी पत्रकारितेतील सर्वांत अधिक उद्धृत होणाऱ्या शीर्षकांत त्याची गणना होईल. ते शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याखालील लेख वाचलेले लोक विरळा. परिणामी टिळकांवर १८९७ साली झालेला राजद्रोहाचा खटला याच अग्रलेखावरून झाला, अशी समजूत सर्रास आढळते. वास्तविक तो खटला १५ जून १८९७ च्या अंकातील शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता यांवर आधारलेला होता. शीर्षकाने सारा प्रसंग आपल्या डबीत घेतला आणि खटल्याचे खरे कारण बाहेर राहिले. त्याच खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा ‘प्रेमाचा अभाव’ असा अर्थ लावला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एका शब्दात किती कोंबता येते आणि ते कोणाला भोवते, याचा विचार शब्दार्थाच्या अभ्यासकांनी कायद्याच्या अभ्यासकांवर सोपवू नये.

सार कोणी काढायचे, हा प्रश्न कालकुपीच्या प्रकरणातही उपस्थित झाला होता. १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात स्वातंत्र्योत्तर पंचवीस वर्षांचा इतिहास एका कालपात्रात घालून पुरण्यात आला. त्यातील मजकूर गुप्त ठेवण्यात आला होता, त्यामुळे तो पक्षपाती असल्याचा आरोप झाला आणि सत्तांतरानंतर १९७७ मध्ये ते पात्र उकरून काढण्यात आले. झाकणे आणि आटवणे या दोन्ही क्रिया एकाच पात्रात, एकाच वेळी घडल्या होत्या. झाकल्यामुळे आटवलेले तपासता येईना आणि तक्रार नेमकी तीच होती.

कादंबरीच्या शीर्षकाबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या पुण्याच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. हिंदू विधवेच्या दुःखाकडे समाजाचे झालेले दुर्लक्ष या शीर्षकात एकवटले आहे, असे अध्यापनात नेहमी सांगितले जाते. ते असत्य नाही. यमूच्या वाट्याला आलेले वैधव्य, शंकरमामंजींनी बळजबरीने घडवून आणलेले केशवपन, तिचा अंत, हे सर्व त्या उद्गाराशी जुळते. परंतु कादंबरीचा फार मोठा भाग या उद्गारात मावत नाही. यमूचे बालपण, भावंडांची भांडणे व माया, दुर्गीशी असलेली मैत्री, सासरघरातील बारीकसारीक कुरबुरी, रघुनाथरावांसह मुंबईत काढलेले वाचनाचे व मोकळेपणाचे सुखी दिवस, हे सारे त्या सारांशाच्या बाहेर राहते. आणि शेवटचा आघात वाचकाला असह्य होतो तो या बाहेर राहिलेल्या भागामुळेच. ते सुखाचे दिवस गाळून कादंबरी आटवली तर हाती एक सुधारणावादी निबंध उरेल. निबंध हरिभाऊंना लिहिता आला नसता असे नाही. त्यांनी कादंबरी लिहिली.

येथे शीर्षकाच्या पहिल्या शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. शीर्षकाची सुरुवात ‘पण’ या उभयान्वयी अव्ययाने होते. मराठीत ‘पण’च्या आधी एखादे विधान असावे लागते, ते बोलून झालेले असते किंवा निदान गृहीत धरलेले असते. शीर्षकात ते विधान नाही. म्हणजे ज्या वाक्यात संपूर्ण कादंबरी सामावली आहे असे सांगितले जाते ते वाक्य मुळातच अर्धे आहे, आणि त्याचा आधीचा अर्धा भाग यमूने स्वतःच्या शब्दांत, शेकडो पृष्ठांत सांगितला आहे.